सगळी गाणी फोनवर आहेत, मग ट्रंकेतल्या कॅसेटींचं काय?

पत्र: माझं वय ५२, बाबांचं ८०. त्यांच्या ट्रंकेत शंभर-सव्वाशे कॅसेटी आहेत. निम्म्या विकतच्या, बाकीच्या ब्लँकवर भरलेल्या. लहानपणी रविवारी दुपारी जेवणं झाली की बाबा त्यातली एखादी लावायचे. गेल्या वर्षी मुलाने यातली जवळजवळ सगळी गाणी शोधून फोनवर यादी करून दिली. पहिला आठवडा नुसती रडले. मग डबा भरताना, एसटीत, झोपताना तीच ऐकत राहिले. आता लागली तरी आत काही हलत नाही. बाबांना ऐकवते, तर ते ‘हं, छान’ म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालतात. भाऊ म्हणतो, सगळं नेटवर आहे, ट्रंक भंगारात दे. खालच्या थरातल्या काही कॅसेटी २०२१च्या पुरात भिजल्या होत्या, काहींवर पांढरी बुरशी आहे. माझी ओढच आटली का? आणि ट्रंकेचं काय करू? — एक लेक, चिपळूण

ताई, आधी ओढीचं बोलू. ट्रंकेतलं काय ठेवायचं हे त्यावरच ठरणार आहे.

एखादं गाणं वीस वर्षं कानावर पडलेलं नसतं, तेव्हा त्याला चिकटलेली आठवण जवळजवळ एकच असते. रविवारची दुपार, पंख्याखालची चटई, बाबा. सूर लागला की मन थेट तिथे जातं, दुसरीकडे जायला वाटच नसते. तुम्ही तेच गाणं डबा भरताना ऐकलंत, एसटीत ऐकलंत, झोपताना ऐकलंत. दर वेळी त्याला एक नवी जागा चिकटली. आता सूर लागला की वीस जागा पुढे येतात, त्यातल्या एकोणीस गेल्या वर्षातल्या. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे: एका खुणेला जितक्या आठवणी बांधाल, तितकी ती खूण एकेका आठवणीला कमी जोराने ओढते. ती दुपार डोक्यात आहे तशीच आहे. तिथे नेणारी काही गाणी तेवढी बोथट झालीत. मुलाच्या यादीत जी आलीच नाहीत ती शाबूत आहेत.

म्हणून पहिलं काम: यादी मोडा. जी गाणी पार घासली गेलीत ती रोजची म्हणून खुशाल ठेवा, त्यात काही चुकलेलं नाही. जी अजून फारशी वाजली नाहीत त्यातली दहा-बारा निवडून कागदावर लिहा आणि फोनवरून काढा. नुसतं यादीतून काढून भागत नाही. ‘लाइक’ केलेल्यांतून आणि ऐकल्याच्या इतिहासातूनही काढा, आणि ऑटोप्ले बंद करा. नाहीतर अॅप ती आठवड्याभरात पुन्हा पुढ्यात आणून टाकतं. एक पावसाळाभर ती ऐकायची नाहीत. नंतर ऐकाल तेव्हा हातात दुसरं काम नको, आणि एका बैठकीत दोन-तीनच.

आता बाबांचं ‘हं, छान’. माणसाला सगळ्यात दाट आठवतं ते साधारण दहा ते तीस या वयातलं. तुमच्यासाठी हा काळ १९८३ ते २००३ हा, म्हणजे कॅसेटींचाच. बाबांसाठी तो १९५५ ते १९७५ येतो. ट्रंकेतल्या बऱ्याच कॅसेटी त्यांनी चाळिशीच्या आसपास विकत घेतल्या असणार, संसाराच्या धबडग्यात, पुष्कळदा तुमच्याचसाठी. तुम्ही त्यांना तुमचं बालपण ऐकवताय. त्यांचं बालपण रेडिओवर होतं. ‘बिनाका गीतमाला’ रेडिओ सिलोनवर १९५२च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिने अडवली. आणि मराठी घरात दुसरं नाव घ्यायची गरजच नाही: पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या शुक्रवारी, ‘गीतरामायण’ सुरू झालं. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. गाणं शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा लागायचं, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा, मग पुढच्या शुक्रवारपर्यंत काही नाही. वर्षाची बावन्न गाणी ठरली होती, अधिक महिन्यामुळे छप्पन्न झाली.

ती छप्पन्नही गाणी आज फोनवर एका बैठकीत ऐकता येतात, आणि एका बैठकीत ऐकली की त्यांची रयाच जाते. बाबांबरोबर दर शुक्रवारी सकाळी एकच गाणं लावा, क्रमाने. मध्ये पुढचं ऐकायचं नाही. वर्षभरापेक्षा जास्त पुरेल. यात एक मेख आहे. फोनवर सहज सापडतात ती बहुधा सुधीर फडक्यांनी एकट्याने गायलेली ध्वनिमुद्रणं. रेडिओवरच्या मूळ मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज होते. बाबा मध्येच ‘हे बाईच्या आवाजात होतं’ म्हणाले तर त्यांना खोडू नका. तिथेच थांबवून विचारा: कुणाच्या घरी रेडिओ होता, कुठे ठेवला होता, कोण कोण बसायचं, कुणाला बाहेर उभं राहावं लागायचं. ‘तेव्हा कसं वाटायचं?’ असा मोघम प्रश्न नको, त्याला ‘छान’ हेच उत्तर मिळतं. हे बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर, एअरप्लेन मोडवर, पंखा बंद.

एकत्र आणि ठरल्या वेळी ऐकण्यात किती जोर असतो ते २०२०च्या टाळेबंदीत दिसलं. दूरदर्शनने ‘रामायण’ मालिका २८ मार्चपासून पुन्हा दाखवली. ती आधीच नेटवर होती, हवी तेव्हा बघता येत होती. तरी घरंच्या घरं वेळ गाठून टीव्हीसमोर बसली. १९८७-८८ मध्ये जी दर रविवारी एकेक भागाने दीड वर्ष चालली ती या वेळी रोज लागून काही आठवड्यांत आटोपली, हे मात्र आमच्या मते तिचं नुकसान.

आणखी एक शक्यता तपासा: फोनवरचं गाणं ‘ते’ नसेलच. ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून सिनेमातलं एखादं कडवं तबकडीवर नसायचं. कॅसेटवर एक असेल, फोनवर दुसरं. शिवाय जुना टू-इन-वन बरोबर वेगाने चालत असेलच असं नाही. मोटर सहा टक्के जोरात फिरली की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. तुमचा कान त्या पट्टीवर वाढला असेल तर स्वच्छ, अचूक प्रत तुम्हाला उगाच मरगळलेली वाटणार. क्रमाचंही तसंच. दुकानात यादी देऊन भरून आणलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला आठ-नऊ गाणी बसायची, आणि एक संपताना पुढच्याची सुरावट डोक्यात आपोआप उमटायची. मुलाच्या यादीत ती साखळी तुटली. कॅसेटच्या कार्डावरचा क्रम बघून यादी पुन्हा लावा; फुकटचं काम आहे आणि फरक लगेच जाणवतो.

तर भावाचं अर्धं बरोबर आहे. विकतच्या कॅसेटींतलं बहुतेक सगळं नेटवर सापडेल. घरी भरलेलं सापडणार नाही. रेडिओसमोर माइक धरून भरलेल्या गाण्यात निवेदकाचा आवाज आहे, कुकरची शिट्टी आहे, कुणीतरी ‘दार लाव’ म्हणतंय. बारशाची, कीर्तनाची, आजीच्या ओव्यांची, आखातात गेलेल्या काकाने पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट असेल तर ती जगात एकच आहे. ट्रंकेचे तीन ढीग करा: घरच्या आवाजांचा, रेडिओवरून किंवा दुकानातून भरलेल्यांचा, आणि विकतच्यांचा. काम याच क्रमाने. तिसऱ्या ढिगाला हात लावला नाही तरी चालेल. फक्त कार्डावर कुणी काही लिहिलंय का ते बघा, आणि टॅबच्या भोकावर चिकटपट्टी आहे का. पट्टी असली तर वर काहीतरी भरलेलं असू शकतं.

टॅबचं हे आधी करा, कॅसेट यंत्रात घालायच्याही आधी. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन टिकल्या असतात, तेच टॅब. जपायची बाजू तुमच्याकडे, टेपची उघडी कड खाली, अशी धरलीत की डावीकडची टिकली त्या बाजूची. दोन्ही मोडून टाका, म्हणजे वर नवं काही भरलं जात नाही. टिकल्या तशाच ठेवल्यात आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजीचा आवाज पुसून तिथे खोलीतला पंखा भरला जातो, आणि ते परत आणायला उपाय नाही.

बुरशीच्या आणि पुराच्या कॅसेटी लगेच वेगळ्या पिशवीत काढा. बुरशीचं पीठ यंत्राच्या हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) आणि टेप ओढणाऱ्या रबरी चाकाला लागतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींवर जातं. हे काम गॅलरीत, मास्क लावून. उन्हात ठेवू नका, टेप आखडते. हवेशीर सावलीत आठवडाभर सुकवा, कवच उघडा (कडेला पाच बारीक स्क्रू असतात) आणि टेपच्या गुंडीवरची पांढरी पूड मऊ कोरड्या ब्रशने झाडा. पुरातल्यांचं दुखणं वेगळं. गाळाचे कण टेपच्या वेढ्यांमध्ये बसलेत. तशी चालवलीत तर ते टेपवरचा चुंबकीय थर आणि हेड दोन्ही ओरबाडतात. विकतची असेल तर सोडून द्या. घरच्या आवाजाची असेल तर ती स्वतः लावून बघायचा मोह टाळा आणि टेप दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. तो गुंडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विसळून, गरम हवा न लावता सुकवून, नव्या कवचात घालतो.

बरी दिसणारी कॅसेटही तशीच लावू नका. मधल्या खिडकीत तांब्याच्या पट्टीवर एक फेल्टचा तुकडा असतो, तो टेप हेडला टेकवून धरतो. जुना गोंद सुकून तो गळालेला असेल तर आवाज दबका आणि हेलकावे खाणारा येतो. ज्यांचं तुम्हाला काही वाटत नाही अशा, स्क्रू असलेल्या पाच-सहा विकतच्या कॅसेटी सुट्या भागांसाठी बाजूला ठेवा. फेल्ट गळालेल्या कॅसेटची टेप काढून त्यांच्या कवचात घालायची. तसं करताना दोन बाजूंचे पातळ घसरकागद आणि कोपऱ्यातले छोटे रोलर जागच्या जागी राहिले पाहिजेत, नाहीतर टेप अडकते. काही कवचांना स्क्रू नसतात, ती चिकटवलेली असतात. ती सुरीच्या पात्याने सांध्यावर उघडावी लागतात. सवय नसेल तर आधी एखाद्या नकोशा कॅसेटवर हात बसवा.

यंत्र कुठलं? बाजारात मिळणारे यूएसबीचे स्वस्त छोटे प्लेअर घेऊ नका; त्यांचा वेग डळमळतो आणि लांब सुरावर तो लगेच कळतो. घरचा जुना डेक किंवा टू-इन-वन चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि नेमकं सांगा: बेल्ट बदला, पिंच रोलर (ते रबरी चाक) बघा, वेग तपासा. वीस वर्षं पडून राहिलेला बेल्ट सैल पडतो किंवा वितळून काळा चिकटा होतो, आणि मग यंत्र कॅसेट ‘खातं’. हेड आणि त्याशेजारची धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, बोळा पांढरा निघेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल नको, रबर कडक होतं. ओलसर फडक्याला थोडा साबण पुरे. दर चार-पाच कॅसेटींनंतर पुन्हा पुसा.

यानंतरची गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत, आणि ‘जुनी टेप म्हणून आवाज असाच’ म्हणून सोडून देतात. हेडच्या दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू असतात. त्यातल्या एकाखाली स्प्रिंग असते. तो फिरवला की हेड किंचित कलतं. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते; झांजेच्या किणकिणाटातली १०,००० हर्ट्झची लहर तिच्यावर पाच मायक्रॉनपेक्षाही आखूड असते, केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड आणि तुमचं हेड एवढ्याशा कलाने वेगळं असलं की या लहरी पुसल्या जातात. बऱ्याच यंत्रांना दाराशी त्यासाठी एक छोटं भोक असतं. प्ले चालू ठेवून त्यातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर घाला (चुंबक नसलेला) आणि स्प्रिंगचा स्क्रू एका वेळी आठवा हिस्सा फेरा, इतकाच फिरवा. कान ‘स’, ‘श’ या अक्षरांवर आणि झांजांवर ठेवा. आवाज हळूहळू उघडतो, मग पुन्हा मिटायला लागतो. सगळ्यात उघडा होता तिथे परत या आणि थांबा. हे प्रत्येक घरच्या कॅसेटला नव्याने करायचं. त्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा, म्हणजे वेढे मोकळे होतात.

जोडणी साधी आहे. डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या छोट्या डबीच्या) लाइन-इनमध्ये. टू-इन-वनला लाइन-आउट नसेल तर हेडफोनच्या भोकातून, आवाज मध्यावर ठेवून. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, तिथे आवाज फाटतो. आवाज भरून घ्यायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवा. जोराच्या जागी पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी लावा, कारण फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. डॉल्बीचं (टेपची खरखर कमी करणारं) बटण बंद. घरच्या टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटींना ते सहसा नसतंच, आणि लावलं तर आवाज उगाच मंद होतो. पूर्ण बाजू एका दमात भरा आणि वेव्ह फाइल म्हणून ठेवा. साठच्या कॅसेटला सुमारे १ जीबी लागतो, नव्वदच्या कॅसेटला दीड.

भरताना शेजारी बसून सगळं ऐकत राहू नका. पहिली दोन मिनिटं कान द्या, मग नुसती पडद्यावरची पातळी बघा. नाहीतर फोनवरच्या गाण्यांचं जे झालं तेच या आवाजांचं दोन महिन्यांत होईल.

मूळ फाइल कापू नका, साफही करू नका. बटणाचा खटका, निवेदकाचं अर्धं वाक्य, मधली शांतता, सगळं राहू द्या. खरखर कमी करायची असेल तर दुसऱ्या प्रतीवर, आणि ६ ते ८ डेसिबलच्या वर जाऊ नका. जास्त केलंत की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. ऐकायला आणि नातेवाइकांना द्यायला १९२ केबीपीएसची एमपी३ पुरते. फाइलच्या नावात साल, गाव, प्रसंग आणि कॅसेटची बाजू लिहा, कार्डाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. आवाज कुणाचा हे बाबांना आत्ताच विचारून घ्या. ते काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक भावाच्या घरी. पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका.

रेडिओवरून भरलेली गाणी घरात ऐकायला हरकत नाही, पण यूट्यूबच्या चॅनेलवर चढवू नका. गाण्याचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि व्हिडिओचा आवाज बंद केला जातो. लग्नाच्या जुन्या व्हीएचएसचंही हेच होतं, कारण फोटोवाल्याने मागे सिनेमाची गाणी टाकलेली असतात.

भावाला तिसरा ढीग देऊन टाका, सुट्या भागांच्या कॅसेटी काढून घेऊन. पहिल्या दोन ढिगांतल्या कॅसेटी डिजिटल झाल्यावरही टाकू नका. उद्या अधिक चांगलं यंत्र हाती लागलं तर पुन्हा भरता येतात. त्या पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डब्यात उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, दर मे महिन्यात बदलायची. स्पीकरपासून लांब ठेवा. पोटमाळ्यावर उन्हाळ्यात तापतं, तिथे नको. वरच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटाचा मधला खण चांगला. चिपळुणात तळमजल्याचा विचारच करू नका.